भेट आणि प्रसाद

सुटीहून परतताना नातीने सावंतवाडीच्या चितारआळीत वर्गातील चाळीस मुलांसाठी चाळीस लाकडी भोवरे मोजून घेतले. कोणी वगळले जाऊ नये, ही तिची नीती मला मान्यच आहे. परंतु सुटीत कोठेही न जाणाऱ्या एका मुलाने भोवरा घेतला नाही. मार्सेल मोस याने १९२५ साली भेटीवरील निबंधात देणे, घेणे आणि परत देणे अशी तीन बंधने सांगितली. त्या मुलाला तिसरे आधीच दिसले असावे. पंढरीहून परतणारा वारकरी प्रसादाचे चुरमुरे वाटतो, तेव्हा घेणाऱ्यावर हे ओझे नसते. कारण देणारा स्वतःला त्या वस्तूचा धनी समजत नाही. (निदान समजू नये.) भोवरे मात्र नातीचे होते. उरलेला एक अजून तिच्या दप्तरात आहे.