रँडचा अहवाल आणि ‘केसरी’चा मथळा

पुण्याच्या १८९७ च्या प्लेगबद्दल आपल्या मुलांना काय ठाऊक असतं? प्लेग समितीचे प्रमुख, जुलमी रँडसाहेब, घरात घुसणारे गोरे सोजीर, टिळकांचा ‘केसरी’तला ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा अग्रलेख आणि चापेकर बंधूंच्या गोळ्या. बहुतेकांच्या डोक्यात क्रमही हाच असतो. प्रत्यक्षात गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या २२ जूनच्या रात्री, आणि अग्रलेख छापून आला ६ जुलैला. झडत्या तोवर थांबल्या होत्या. खुनानंतर सरकारने अख्ख्या पुण्याला धारेवर धरलं, त्यावर तो लेख होता. मथळा तोंडपाठ आणि मजकुराचा पत्ता नाही, ही खोड मोबाइलने लावलेली नाही.

माध्यमांचा कल ओळखायला शिकवायचं तर आजच्या वृत्तवाहिन्यांपासून सुरुवात करू नये, असं माझं मत आहे. तिथे मुलं घरूनच बाजू ठरवून आलेली असतात. प्लेगचे कागद बरे. पण मराठी वर्गात एक अडचण हटकून येते. रँडचा कल पहिल्या ओळीतच सगळ्यांना दिसतो आणि ‘केसरी’ला काही कल असेल, हे कुणाच्या मनातच येत नाही. मग रँड खोटा, ‘केसरी’ खरा, आणि तास संपला. एवढ्यासाठी कागद समोर ठेवायची गरजच नव्हती.

रँडच्या प्लेग समितीचा अहवाल पाहा. स्त्रियांच्या अब्रूचा जाणूनबुजून अवमान झाल्याची एकही विश्वासार्ह तक्रार आपल्याकडे आली नाही, असं त्यात समाधानाने नोंदवलेलं आहे. हे वाक्य अक्षरशः खरंही असू शकेल. तरी विद्यार्थ्याने विचारायला हवं, की तक्रार करायची कुणाकडे होती? ज्यांचे शिपाई घरात शिरले त्यांच्याकडेच. करणार कोण? ती बाई, म्हणजे नाव-गाव सांगून चारचौघांत उभं राहणं आलं. तक्रार विश्वासार्ह की नाही, हे ठरवणार कोण? पुन्हा समितीच. त्या काळच्या पुण्यात तक्रार न येणं यावरून काय घडलं ते कळत नाही. तक्रार नोंदवायची वाट किती अरुंद होती, एवढं मात्र कळतं.

आता याच प्रश्नाची दुसरी बाजू. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये सांगितलं, की सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यांतल्या एकीने जीव दिला. सरकारने पुरावा मागितला. जुलैअखेर गोखले मुंबईत उतरले तेव्हा टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली होती, पुण्यातल्या नातू बंधूंना खटल्याविना डांबलं होतं. पत्र लिहिणाऱ्यांपैकी कुणी पुढे यायला तयार होईना. गोखल्यांनी त्यांची नावं उघड केली नाहीत आणि जाहीर माफी मागितली.

वर्गात याचे लगेच दोन तट पडतात. माफी मागितली म्हणजे काही घडलंच नव्हतं, असं काहींचं म्हणणं. दडपण होतं म्हणजे सगळं घडलंच होतं, असं इतरांचं. दोन्ही निष्कर्ष माफीतून निघत नाहीत. माफीवरून इतकंच ठरतं, की आरोप शाबित करता आला नाही, आणि का आला नाही याची कारणं शोधता येतात. एवढ्यावर थांबायला मुलांना शिकवणं फार कठीण. मोठ्यांनाही ते जमत नाही.

‘केसरी’ला याच चाळणीतून काढलं, की वर्गात चुळबुळ सुरू होते. प्लेग आवरण्यासाठी काही सक्ती लागणारच, ही टिळकांची सुरुवातीची भूमिका होती. शहर सोडून पळालेल्या पुढाऱ्यांवर त्यांनी टीका केली आणि स्वतः हिंदू रुग्णालय चालवायला पुढे झाले. हा टिळक आपल्या गोष्टीत बसत नाही, म्हणून गाळला जातो. दामोदर चापेकरांचंही तसंच. तुरुंगात लिहिलेल्या त्यांच्या आत्मकथनात प्लेगच्या बरोबरीने सुधारकांवरचा राग आहे, मुंबईतल्या राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याची हकिगत आहे, टिळकांवरही टीका आहे. फक्त सोजिरांच्या जुलमामुळे खून झाला, ही मांडणी खुद्द खून करणाऱ्याच्या कागदापुढे टिकत नाही. अर्थात तो कागदही फाशीची वाट पाहणाऱ्याने लिहिलेला आहे, तेव्हा त्यालाही चाळणी लागतेच.

‘दोन्ही बाजू सारख्याच’ म्हणून हात झटकण्याची अलीकडे फॅशन आहे, तिचा मला कंटाळा आहे. विरोधक ज्यावर सहमत असतात तो भाग पक्का धरायला हवा. घरोघर झडत्या झाल्या, त्यासाठी सैनिक वापरले, माणसांना घरातून उचलून रुग्णालयात आणि छावणीत नेलं, हे रँडही सांगतो आणि ‘केसरी’ही. टिळकांच्या राजद्रोहाच्या खटल्यात नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपियनांनी दोषी ठरवलं, तिघा हिंदी ज्यूरींनी निर्दोष. हा आकडाही कुणी नाकारत नाही. पुरावा एक, न्यायालय एक, आणि मतं बरोबर वर्णाच्या रेषेवर फुटली.

परीक्षेत मात्र ‘रँडच्या खुनाची कारणे लिहा’ असाच प्रश्न येतो आणि त्याचे चार मुद्दे गाइडात तयार असतात. त्याऐवजी रँडचा परिच्छेद, ‘केसरी’तला मजकूर आणि गोखल्यांची माफी शेजारीशेजारी छापावी. मग विचारावं: तिघांनाही मान्य अशी एक गोष्ट लिहा, आणि तिघांपैकी एकालाही खात्रीने कळणं शक्य नव्हतं, अशी एक लिहा. तपासणाऱ्याला याची आदर्श उत्तरसूची मिळणार नाही, प्रत्येक उत्तर वाचावं लागेल. बोर्ड हे लगेच करेल असं वाटत नाही. शाळेच्या सहामाहीत घालायला मात्र काहीच आडकाठी नाही.