उपयोग सरल्यावर

आषाढांतलें महाबळेश्वर प्रवाशांच्या ओळखीचें नसतें. उन्हाळ्यांत गजबजलेली पेठ त्या दिवसांत धुक्यांत बुडालेली असते, आणि वर्षाकाठीं साडेपांच हजार मिलिमीटरांहून अधिक पडणाऱ्या पावसाचा बहुतेक वांटा चार महिन्यांतच कोसळतो. अशाच दिवसांत एकदां तेथें एका स्नेह्यांकडे राहण्याचा मला योग आला. त्यांच्या माजघरांत एक लाकडी कपाट आहे व त्यांत रात्रंदिवस विजेचा एक लहानसा दिवा जळत असतो. दमट हवेनें कपड्यांना बुरशी येऊं नये म्हणून कोणी असा दिवा ठेवतात, हें ठाऊक असल्यानें मला प्रथम त्याचें नवल वाटलें नाहीं. परंतु कपाट उघडलें तों आंत ना लुगडीं होतीं, ना पोथ्या; होते ते चाळीस वर्षांपूर्वींचे संगणक.

हे स्नेही पूर्वीं संगणकीय खेळांच्या आज्ञावल्या लिहिण्याचा व्यवसाय करीत. पुढें तो सोडून ते वडिलार्जित घरीं येऊन राहिले, आणि आतां मोडीत निघालेलीं जुनीं यंत्रें मिळवावीं, तीं डाग देऊन जोडावीं व पुन्हां चालतीं करावीं, यांत त्यांचा बहुतेक वेळ जातो. त्यांचे वृद्ध वडील स्ट्रॉबेरीची शेती करीत आले आहेत. रात्रीं जेवतांना त्यांनीं मुलाला विचारलें, “ज्या यंत्रावर आतां कुणाचं काम अडत नाही, त्याच्यापायी दिवसाचे दिवस घालवायचे, हे तुला बरोबर वाटतं का?” मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “आबा, मलाही ते नीट सांगता येत नाही.” पितापुत्रांतला तो प्रश्न तेव्हांपासून माझ्याहि मनांत घर करून राहिला आहे. एखाद्या वस्तूचा उपयोग सरला म्हणजे तिच्याविषयींचें आपलें कर्तव्यहि सरतें काय? आणि धडधाकट, हुशार माणसानें अशा वस्तूंच्या सेवेंत आयुष्याचीं वर्षें खर्चावीं, हें नीतीच्या दृष्टीनें कितपत योग्य?

त्या कपाटांतला एक संगणक ‘स्पेक्ट्रम’ जातीचा होता. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीनें तो १९८२ सालीं इंग्लंडांत विक्रीस काढला. पुढें त्याच दशकांत पुण्याच्या डेसिबेल्स या कंपनीनें ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नांवानें त्याची भारतीय आवृत्ति आणली. त्याची स्मरणशक्ति अवघी ४८ किलोबाइट, म्हणजे ४९,१५२ बाइट. प्रस्तुत लेखाएवढे तीन-चार देवनागरी लेख सांठविले कीं ती भरून जावी! त्यांतूनहि ६,९१२ बाइट एकट्या पडद्यावरील चित्राला लागत. खेळ साध्या ध्वनिफितीवर असे. टेपरेकॉर्डर जोडून चार-पांच मिनिटें त्याचा कर्कश आवाज ऐकावा, आणि आवाजाची पातळी किंचित् चुकली तर पुन्हां आरंभापासून सुरुवात करावी, असा तो खटाटोप होता. आजच्या मुलाला याची दया यावी हें साहजिक आहे.

पण याच यंत्राची दुसरी बाजू माझ्या स्नेह्यांनीं मला दाखविली. त्याची मांडणी इतकी आटोपशीर आहे कीं चिकाटीचा एकटा माणूस ती अथपासून इतिपर्यंत समजून घेऊं शकतो. कोणता आंकडा स्मृतीच्या कोणत्या घरांत ठेवला असतां पडद्यावर कोठें ठिपका उमटतो, हें त्याला बोटानें दाखवितां येतें. आपल्या खिशांतील आजच्या यंत्राविषयीं असें म्हणण्याची छाती, तें बनविणाऱ्यांपैकीं तरी कोणा एकाला होईल काय? आपण तें वापरतों, त्याच्यावांचून आपलें पान हलत नाहीं, पण त्याला प्रश्न विचारण्याचें सामर्थ्य मात्र आपण गमावलें आहे.

यापेक्षांहि एक गोष्ट मला अधिक लागली. माझ्या स्नेह्यांनीं उमेदीच्या काळांत जे खेळ लिहिले, त्यांपैकीं एकहि आज चालत नाहीं. ते खेळ चालण्यास मालकांच्या दूरच्या संगणकाचा आधार लागे. धंद्यांत नफा उरला नाहीं तेव्हां तो आधार काढून घेण्यांत आला. ज्यांत पंधरा वर्षें घातलीं तें काम स्वतःच्या मुलीला दाखविण्याचीहि त्यांना सोय उरली नाहीं. आणि त्यांच्या जन्मगांवीं, त्यांच्याच कपाटांत, १९८४ सालची एक फीत अजून बिनतक्रार खेळ सुरू करून देते! हा मनुष्य जुनीं यंत्रें कां जपतो, हें मला तेव्हां थोडेंसें उमगलें.

तथापि दुःखाचें कारण कळलें म्हणून कृतीचें समर्थन होत नाहीं. कोणी म्हणेल, नव्या संगणकाला जुन्याचें हुबेहूब सोंग घेतां येतें; मग हें जुनें धूड कशाला? हा आक्षेप सयुक्तिक आहे, आणि खेळाची मौज एवढाच हेतु असेल तर सोंग पुरेसें आहे. परंतु सोंग वठविण्यासाठीं मूळ पात्राची चालरीत कोणाला तरी ठाऊक असावी लागते. तें ज्ञान मूळ यंत्र उघडून, मोजून, चुका करून मिळवावें लागलें आहे, व सोंग कोठें चुकतें हें पाहण्यासाठींहि मूळ यंत्राकडेच यावें लागतें.

उपयुक्ततेचा जो मोठा आक्षेप, त्याला आपल्याच प्रांताच्या इतिहासांत उत्तर सांपडतें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं ‘टिफ्रॅक’ नांवाचा संगणक कार्यान्वित झाला. तो बांधणारी मंडळी तरुण होती आणि असें यंत्र पूर्वीं त्यांनीं बांधलें नव्हतें. तो निर्वातनलिकांवर चाले. आणि तो पुरा होईतों जगांत ट्रान्झिस्टरचे संगणक बाजारांत आलेहि होते. केवळ उपयोगाच्या तराजूंत तोललें तर तो जन्मतःच जुना ठरतो, आणि कांहीं वर्षांतच त्याची निवृत्ति झाली. मग तो व्यर्थ गेला काय? त्याच्यापाशीं माणसें शिकलीं. असें यंत्र आपल्या हातानें घडतें, हें कळलें. हा लाभ यंत्र बंद पडल्यावरहि उरला.

दुसऱ्या दिवशीं पाऊस जरा ओसरला तेव्हां आबांशीं स्ट्रॉबेरीविषयीं बोलणें निघालें. फळाचीं झाडें ते दरवर्षीं नव्यानें लावतात. हंगाम संपला कीं जुनीं उपटून टाकतात. “पण मातृरोपं ठेवावी लागतात,” ते म्हणाले. “त्यांचं फळ बघायचं नसतं. त्यांना धुमारे फुटतात, त्यांची नवी रोपं होतात.” पावसाळ्यांत हीं रोपें इकडच्या अतिवृष्टींत टिकत नाहींत, म्हणून खालीं वाईकडे त्यांची जोपासना करावी लागते, असेंहि त्यांनीं सांगितलें. आपण मुलाच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर दिलें आहे, हें त्यांच्या लक्षांत आलें नसावें.

अर्धें अशासाठीं म्हणतों, कीं मातृरोपाला धुमारे फुटले नाहींत तर त्याची राखण व्यर्थ आहे. दुर्मिळ यंत्रें विकत घ्यावीं, कपाटांत कोंडावीं व बरोबरीच्यांना हेवा वाटावा म्हणून मिरवावीं, हा परिग्रह होय; त्याला जतन म्हणतां यावयाचें नाहीं. आपल्या तारुण्यांतलें तेवढें खरें आणि आजचें सगळें थिल्लर, असें म्हणत बसण्यासाठीं जुन्याचा आश्रय करणें हीहि एक प्रकारची पळवाटच होय. ज्या वस्तूचा उपयोग सरला, तिच्यापासून कोणी कांहीं शिकत आहे तोंवरच तिच्यावर खर्चलेला वेळ सत्कारणीं लागतो, असें माझें नम्र मत आहे.

मी निघालों त्या सकाळीं शेजारची बारा-तेरा वर्षांची एक मुलगी ओल्या छत्रीसह दारांत उभी होती. “काका, आज त्याचं झाकण उघडणार होतात ना?” तिनें विचारलें. माझे स्नेही मला पोंचवावयास फाटकापर्यंत येणार होते. ते आले नाहींत. मीं मागें वळून पाहिलें तेव्हां आबा दिवा जवळ सरकवून धरीत होते, आणि दोघांचीं डोकीं त्या लहानशा यंत्रावर वांकलेलीं होतीं.