धार आणि चूल यांच्यामधली रेघ

"सिद्धांत-बिद्धांत नको, नुसते आकडे सांगा," असं बजावणारा एक तरी गृहस्थ प्रत्येक परिसंवादात असतो, आणि टाळ्याही त्यालाच पडतात. मला अशा वेळी आकड्यापेक्षा त्याच्या डोक्यावरच्या रकान्याचं शीर्षक वाचावंसं वाटतं.

ही खोड २००१ सालच्या जनगणनेने लावली. शाळामास्तर असल्याने प्रगणकाचं काम माझ्याकडे आलं होतं. एका अंगणात बाजेवर बसलेल्या कुटुंबप्रमुखाला विचारलं, "मंडळी काय करतात?" "काही नाही, घरीच असते." तेवढ्यात ती बाई गोठ्यातून चरवी घेऊन आली, मनगटापर्यंत शेण. सूचनांमध्ये स्पष्ट होतं की घरापुरतं दूध काढणं हेसुद्धा काम. म्हणजे ती काम करणारी. पण तेच दूध तापवणं, पोरांना देणं, चरवी घासणं हे 'घरकाम', आणि नुसतं घरकाम करणारी बाई 'काम न करणारी'. गोठ्यापासून चुलीपर्यंत दहा-बारा पावलं असतील. उद्या म्हैस विकली तर बाईही कामातून गेली.

ही रेघ कोणी आकसाने ओढलेली नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आंतरराष्ट्रीय हिशेबात घरच्या वापरासाठी वस्तू तयार केली तर ते उत्पादन. रांधणं, धुणं, आजाऱ्याची उस्तवार या घरच्याच माणसांनी केलेल्या सेवा मात्र उत्पादनाबाहेर. पगारी मोलकरणीने तेच केलं की ते पुन्हा आत. हा चक्क सिद्धांत आहे. फक्त तो छापील तक्त्यात शिरला की कोणी त्याला सिद्धांत म्हणत नाही.

गंमत अशी की एकाच सरकारच्या दोन तक्त्यांतही तो सारखा नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात ९२ हा संकेतांक फक्त घरकाम करणाऱ्यांचा. घरकामाशिवाय सरपण गोळा करणं, घरापुरतं शिवणटिपण करणं, हे ९३. दोन्ही श्रमशक्तीच्या बाहेर. डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरणारी बाई श्रम करत नाही, असं हा तक्ता अगदी निर्विकारपणे सांगतो.

मग सगळेच आकडे खोटे? नाही. "शेवटी सगळेच पक्षपाती" असं म्हणून हात झटकणं हा "नुसते आकडे सांगा" म्हणणाऱ्या आळसाचाच दुसरा प्रकार. रकान्यांशिवाय मोजता येत नाही. ते कोणी आणि कशासाठी आखले, एवढं सांगायची तयारी हवी. २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणाने धंदा विचारण्याऐवजी चोवीस तासांचा हिशेब मागितला. घरासाठी बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती. असं काम करणाऱ्या पुरुषांची ९७. शिवाय असं काम करणारे पुरुष चारांत जेमतेम एक, बायका पाचांत चार. बायका त्या वर्षी अचानक राबायला लागल्या नव्हत्या. प्रश्न बदलला होता.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, आणि या वेळी जातही विचारली जाणार आहे. त्या रकान्यांवरून भांडणं होतील, ती व्हावीतही. पण प्रगणक दारात आला आणि घरातल्या बाईबद्दल विचारू लागला, तर बाजेवरून उत्तर देऊ नका. तिला बाहेर बोलवा, तिलाच सांगू द्या.