परत गेलेला निधी

मार्चचा शेवटचा आठवडा. जिल्हा कोषागारातले दिवे रात्री उशिरापर्यंत जळत असतात. निधी वितरणाच्या बीडीएस प्रणालीवर तरतूद आली का, हे विचारणारे फोन थांबत नाहीत. त्रुटी लागून परत आलेले देयक लेखालिपिक तिथल्या तिथे दुरुस्त करतो आणि पुन्हा टेबलावर ठेवतो. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना एकच धास्ती असते: निधी परत जाता कामा नये.

या धास्तीचे मूळ एका चांगल्या तत्त्वात आहे. संविधानाच्या 202व्या अनुच्छेदानुसार राज्याचे वार्षिक वित्तीय विवरणपत्र विधिमंडळापुढे येते, अनुदानाच्या मागण्या मंजूर होतात, विनियोजन विधेयक संमत होते. ही मंजुरी एकाच वर्षाची असते. 31 मार्चपर्यंत न वापरलेली तरतूद व्यपगत होते. लोकांचा पैसा खर्चायचा तर लोकप्रतिनिधींची परवानगी दरवर्षी नव्याने घ्यावी, हा त्यामागचा विचार. तो सोडून द्यावा असे कुणीही म्हणणार नाही.

बिघाड होतो तो पुढे. नव्या वर्षाचा अंदाज बांधताना मागच्या वर्षांचा प्रत्यक्ष खर्च पाहिला जातो. एखाद्या कार्यालयप्रमुखाने ‘13, कार्यालयीन खर्च’ या शीर्षाखाली जपून वापर केला, चालू स्थितीतला प्रिंटर बदलला नाही, कागद दोन्ही बाजूंनी वापरला आणि उरलेली रक्कम समर्पित केली, म्हणजे सरकारला परत केली, तर त्याची गरजच नव्हती असा अर्थ निघतो आणि पुढच्या तरतुदीला कात्री लागते. शेजारच्या कार्यालयाने मार्चमध्ये नव्या खुर्च्या घेतल्या, त्याची तरतूद शाबूत राहते. काटकसर करणाऱ्याला शिक्षा आणि उधळणाऱ्याला बक्षीस, असा धडा सरकारी नोकरीत रुजू झालेला तरुण पहिल्याच मार्चमध्ये शिकतो.

हे केवळ इथलेच दुखणे नाही. अमेरिकेत आर्थिक वर्ष 30 सप्टेंबरला संपते. जेफ्री लीबमन आणि नील महोनी या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या संघराज्य सरकारच्या खरेदीचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध केला. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यातली खरेदी एरवीच्या आठवड्याच्या सरासरीच्या 4.9 पट निघाली, आणि त्या घाईत हाती घेतलेल्या माहिती तंत्रज्ञान प्रकल्पांचा दर्जाही बराच खालचा ठरला.

भारत सरकारच्या 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनी तर वर्षअखेरच्या महिन्यांत खर्चाची घाई करणे हा वित्तीय औचित्याचा भंग मानला आहे. केंद्रीय मंत्रालयांना शेवटच्या तिमाहीत 33 टक्के आणि एकट्या मार्चमध्ये 15 टक्के अशी खर्चाची मर्यादाही घालून दिलेली आहे. नियम आहेत. पण पैसाच उशिरा पोहोचला, तर नियम पाळणार कसा?

हा प्रश्न सर्वांत जास्त छळतो तो अनुदानावर चालणाऱ्या लहान संस्थांना. जिल्हा परिषदेची वस्तीवरची शाळा घ्या. पट तीसपर्यंत असेल तर समग्र शिक्षा योजनेतून तिला संयुक्त शाळा अनुदान म्हणून वर्षाला 10,000 रुपये मिळतात. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्चायचा. उरलेल्यात खडू, हजेरीपट, वीजबिल, नळाची तोटी, पत्र्याची डागडुजी. शाळा जूनमध्ये उघडते. अनुदान जानेवारी-फेब्रुवारीत आले, तर मधल्या काळात मुख्याध्यापक पदरमोड करतात किंवा दुकानदाराकडे उधारी ठेवतात. मग मार्चमध्ये धावपळ: शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, पावत्या, व्हाउचर, उपयोगिता प्रमाणपत्र. कागदावर शंभर टक्के खर्च दिसतो. पावसाळाभर गळलेला पत्रा आणि त्याखाली बाके सरकवत बसलेली मुले त्या कागदावर कुठेच नसतात.

भ्रष्टाचार म्हटला की डोळ्यांपुढे टक्केवारी आणि पाकीट येते. इथे कुणी खिशात काही घातलेले नाही, तरीही मुलांचे नुकसान झालेले आहे. दहा हजार रुपये जूनमध्ये मिळाले असते तर पत्रा पावसाआधी बदलला गेला असता. मार्चमध्ये त्याच पैशात पावत्या जुळवल्या जातात. फाइल वरच्या टेबलावर कितीही महिने थांबो, तो उशीर कामकाजाचा भाग मानला जातो. खालच्याकडून मात्र आठ दिवसांत हिशेब मागितला जातो. जबाबदारीची ही विषम वाटणी न्यायाची नाही.

दुरुस्ती अशक्य नाही. लहान अनुदानांचा मोठा हप्ता पहिल्या तिमाहीतच सुटावा. प्रत्येक विभागाने कोणते अनुदान कोणत्या तारखेला सोडले, हे संकेतस्थळावर लावावे, म्हणजे उशिराचा जाब विचारता येईल. आठमाही सुधारित अंदाज तयार करताना ज्यांनी वेळेत आणि कारणासह रक्कम समर्पित केली, त्यांची तेवढ्यावरून पुढची तरतूद कापू नये. पुढच्या वर्षाचे अंदाज वित्त विभागाकडे जाण्याआधी एवढे बदल परिपत्रकाने करता येण्याजोगे आहेत, आणि ते झाले की नाहीत, हे आमदारांनी अर्थसंकल्पी अधिवेशनात विभागवार विचारायला हवे.