व्यापारी आणि थोरली बहीण

पाउलो कोएलो यांची ‘द अल्केमिस्ट’ ही कादंबरी १९८८ साली ब्राझीलमध्ये निघाली. स्वप्नातल्या खजिन्यासाठी मेंढरे विकून मिसर देशाची वाट धरणारा सांतियागो विशीत आपणां सर्वांस जवळचा वाटतो. शालेमाचा राजा मलकीसदेकही तेथे भेटतो आणि मेंढरांचा दशमांश मागून घेतो. (अब्रामाने तो आपण होऊन दिला होता!)

पन्नाशीत मात्र नजर खिळते ती टँजिअरच्या काचसामानाच्या व्यापाऱ्यावर. मक्केस जाण्याची त्याची जन्माची इच्छा. पण पैसा जमल्यावरही तो जात नाही. इच्छा पुरी झाली तर पुढे जगायचे कशासाठी, ही धास्ती.

व्यापारी भ्याला, हे खरे. पण धाकट्या भावंडांसाठी स्वतःचे शिक्षण सोडणारी थोरली बहीण प्रत्येक मंडळीत असते. ती भ्याली काय? स्वप्न सोडले तो हरला, असाच या कादंबरीचा रोख आहे. त्यात या बहिणीला जागा नाही, हे आम्हांस खटकते.

शब्बाथशाळेच्या वरच्या वर्गात ही गोष्ट सांगून आम्ही विचारतो, घरी आजारी बाप असता तर सांतियागोने काय करावे? मुले चटकन उत्तर देतात. आईबाप शेजारी बसलेले असले, म्हणजे उत्तर उशिरा येते.