किल्लीवाचून

मोटारीच्या प्रत्येक चाकाला जे चारपाच नट असतात त्यांतला एक इतरांहून निराळा घडवण्याची पद्धत आहे. त्याच्या माथ्यावर अशी काही वेडीवाकडी खाच असते की बाजारातला कोणताही सामान्य पाना तिच्यावर बसू नये, आणि त्या खाचेशी जुळणारी लहानशी लोखंडी किल्ली मालकाच्या डिकीत पडून असावी, म्हणजे रात्रीच्या अंधारात चोराने बाकीचे नट सोडवले तरी ह्या एकापाशी त्याचे हात थांबावेत, एवढाच त्याच्या निर्मितीचा हेतू. परंतु मोटार जुनी होते, दोनचार मालकांच्या हातून फिरते, किल्ली कोठे तरी गहाळ होते, आणि अकोला-हिंगोली रस्त्यावर मालेगावच्या आसपास भर उन्हात चाक पंक्चर झाले म्हणजे, जो नट चोरासाठी घडवला होता तो खुद्द मालकाचीच वाट अडवून बसतो.

अशा वेळी जाणता मिस्त्री काय करतो हे लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. तो आल्याआल्या हातोडा उचलत नाही. गाडीचे कागद पाहतो, मालकाच्या नावाची खातरजमा करतो आणि मगच चाकापाशी बसतो. नट सोडवायचा तो चाक जमिनीवर टेकलेले असतानाच, कारण जॅकवर उचललेले चाक पान्याबरोबर फिरू लागते व सगळा जोर वाया जातो. गंज धरलेल्या आट्यांत तो तेल सोडतो आणि ते मुरेपर्यंत थांबतो. मग नटाच्या माथ्याहून किंचित लहान असा एखादा जुना गोटी पाना, जो वाया गेला तरी हळहळ वाटू नये, तो माथ्यावर ठोकून इतका घट्ट बसवतो की खाचेची गरजच उरू नये, आणि लांब दांडा लावून, हिसका न देता, सावकाश उलटा पिळतो. काही नटांच्या माथ्याभोवती सैल कडे असते व पाना त्या कड्यासकट नुसता फिरत राहतो. तेव्हा ते कडे छिन्नीने फोडून काढावे लागते. तेही न साधले तर माथ्यावर दुसरा नट वेल्डिंगने जोडतात, आणि सर्व उपाय हरले म्हणजे नटाच्या मध्यातून ड्रिल चालवतात. ह्या साऱ्या खटाटोपात त्याची दृष्टी एकाच गोष्टीवर खिळलेली असते: नटाचा चुरा झाला तरी चालेल, पण आतला स्टड तुटता कामा नये, रिमला ओरखडा येता कामा नये आणि टायरला आच लागता कामा नये.

ह्या कसबात मला धर्माचा एक फार जुना प्रश्न दिसतो. कुलूप किल्लीला ओळखते, मालकाला ओळखत नाही. ज्याच्यापाशी किल्ली आहे त्याला ते निमूट वश होते, मग तो उपटसुंभ का असेना, आणि ज्याचा हक्क सूर्यप्रकाशाइतका स्वच्छ आहे त्याला ते किल्लीच्या अभावी परका ठरवते. तेव्हा किल्ली हरवली असता बळाने बंध तोडण्याचा अधिकार कोणाला, आणि कोणत्या मर्यादेपर्यंत? न दिलेले घेणे म्हणजे चोरी, अशी अस्तेय व्रताची व्याख्या जैन आचार्यांनी केली आहे. परंतु जे मुळातच आपले, किंवा जे सर्वांचेच, ते एखाद्या बंधाआड अडकून पडले असेल, तर ते ‘दिले’ जाण्याची वाट कोठवर पाहावी? हा प्रश्न वाशीम जिल्ह्याच्या भूमीवर केवळ तर्काचा राहिलेला नाही. येथे तो दोनदा प्रत्यक्ष उभा राहिला आहे, एकदा ग्रंथाच्या रूपाने कारंज्यात आणि एकदा मूर्तीच्या रूपाने शिरपुरात.

लाडांचे कारंजे ही जैनांची पुरातन पेठ. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ ह्या तिन्ही परंपरांची मंदिरे तेथे आहेत, हस्तलिखितांचे समृद्ध भांडार आहे, आणि १९१८ साली स्थापन झालेला महावीर ब्रह्मचर्याश्रमही आहे. ह्या आश्रमात ‘धवला’ टीकेची एक नागरी प्रत होती, आणि ती तेथवर कशी पोहोचली ह्याची हकिगत मोठी विचार करायला लावणारी आहे. पुष्पदंत व भूतबली ह्यांच्या षट्खंडागम ह्या प्राचीन जैन ग्रंथावर वीरसेनाचार्यांनी नवव्या शतकात सुमारे ७२,००० श्लोकप्रमाण अशी ही टीका लिहिली. पुढे शतकानुशतके तिच्या ताडपत्री प्रती दक्षिणेत मूडबिद्रीलाच काय त्या उरल्या, आणि तेथे त्या कुलपात राहिल्या. यात्रेकरूंनी त्यांचे दर्शन घ्यावे, नमस्कार करावा आणि परत जावे. वाचन नाही, अध्ययन नाही. सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी आदींच्या खटपटीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नक्कल करण्याचे काम सुरू झाले, पण नकलाही मूडबिद्रीबाहेर जाऊ नयेत असाच तेथील कारभाऱ्यांचा आग्रह होता. तेव्हा लेखनाचे काम करणाऱ्या गजपती उपाध्यायांनी, पत्नी लक्ष्मीबाईंच्या साहाय्याने, गुप्तपणे कानडी लिपीत आणखी एक प्रत सिद्ध केली, ती सहारनपूरला गेली. तेथे तिची नागरी प्रत करणाऱ्या सीताराम शास्त्र्यांनी स्वतःपाशी एक प्रत राखली, आणि त्या प्रतीपासून ज्या नकला देशभर पसरल्या त्यांतली एक कारंज्याच्या आश्रमात आली. अमरावतीच्या महाविद्यालयात संस्कृत शिकवणाऱ्या प्राध्यापक हिरालाल जैन ह्यांनी अमरावती, आरा आणि कारंजे येथल्या प्रती समोर ठेवून १९३९ साली धवलेचा पहिला खंड छापून काढला, आणि पुढे सुमारे वीस वर्षांत सोळा खंडांत तो महाग्रंथ वाचकांच्या हाती आला.

गजपती उपाध्यायांचे कृत्य चोरीचे म्हणावे की उद्धाराचे? ज्यांनी विश्वासाने ताडपत्रे हाती दिली त्यांना न सांगता प्रत करणे हा विश्वासभंग आहे, ह्यात संशय नाही, आणि त्या प्रतीचे द्रव्य घेतले गेले हेही विसरून चालणार नाही. तरीही मी ह्या कृत्याला चोरी म्हणणार नाही. ताडपत्रांचे एक अक्षर त्यामुळे उणे झाले नाही. मूडबिद्रीची मालकी जशीच्या तशी राहिली. तुटला तो केवळ बंदोबस्त, आणि तो बंदोबस्त ज्या वस्तूच्या रक्षणासाठी होता ती वस्तू उलट हजारपटीने सुरक्षित झाली. मिस्त्रीच्या कसोटीने पाहिले तर घाव नटावर पडला, चाक अभंग राहिले. आणि त्याहूनही मोठी गोष्ट अशी की ग्रंथ छापला जाऊ लागल्यावर मूडबिद्रीच्या भट्टारकांचे व पंचांचे मन द्रवले, ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्याची अनुज्ञा मिळाली, आणि पुढच्या खंडांना त्या मूळ पाठांचा आधार लाभला. किल्ली ज्यांच्या हाती होती त्यांनी ती अखेर आपण होऊन दिली. बळाने सुरू झालेले कार्य संमतीने पुरे झाले. असे क्वचित घडते, म्हणून ते नोंदवून ठेवले पाहिजे.

ह्या ग्रंथाचा विषय तरी काय? जीवाला कर्म कसे चिकटते, किती काळ राहते आणि कसे सुटते, हाच. कर्म यथाकाल पक्व होऊन, फळ देऊन आपोआप झडते, तेव्हा कुलूप जणू स्वतःच्या किल्लीने उघडते. परंतु तपाच्या योगाने ते पक्व होण्याआधीही झडवता येते, आणि झडण्याच्या, म्हणजे निर्जरेच्या, ह्या दुसऱ्या प्रकारावाचून मोक्षाचा मार्गच संभवत नाही, कारण पहिल्या प्रकारात एक कर्म झडेपर्यंत दुसरे येऊन चिकटलेले असते. मात्र सर्व कर्मांचा बंध सारखा नसतो. जैन आचार्यांनी ह्यासाठी सुयांचा दृष्टान्त दिला आहे: काही बंध एकत्र ठेवलेल्या सुयांसारखे, हात लागताच विखुरणारे, काही दोऱ्याने बांधलेल्या सुयांसारखे, काही गंजून एकमेकींना धरून बसलेल्या सुयांसारखे, ज्यांना निधत्त म्हणतात, आणि काही तापवून, घणाने ठोकून एकच गोळा झालेल्या सुयांसारखे, ते निकाचित. ह्या निकाचितावर कोणताही सामान्य उपाय चालत नाही. ते ना लवकर उदयास आणता येते, ना त्याचे रूप पालटता येते, ना त्याची मुदत कमीजास्त करता येते.

आणि तरीसुद्धा वीरसेनाचार्य एके ठिकाणी असे सांगून जातात की जिनबिंबाच्या दर्शनाने निधत्त आणि निकाचित मिथ्यात्वादी कर्मांचाही क्षय होतो. हे विधान मला त्या अवघ्या महाग्रंथातले सर्वांत धीराचे विधान वाटते. ज्या बंधाला किल्ली नाही, तेल नाही, छिन्नी नाही, तो पाहण्याने सुटतो. आणि पाहणे कशाचे, तर ज्याने काहीच धरून ठेवलेले नाही अशा एका शांत आकृतीचे. हट्टाने घट्ट झालेला बंध तितक्याच हट्टाने सुटत नाही, हट्ट संपलेल्याला पाहून सुटतो.

हे वाचल्यावर मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरची आठवण झाल्यावाचून राहत नाही, आणि मन विषण्ण होते. तेथे अंतरिक्ष पार्श्वनाथाची कृष्णवर्ण मूर्ती आहे. एलिचपूरच्या राजाने तळ्यातून ती काढून गाडीवर घेतली, वाटेत मागे वळून पाहिले, आणि मूर्ती तेथेच अधांतरी राहिली, अशी तिची आख्यायिका. मूर्ती वाळू आणि गोमय ह्यांची, म्हणून तिला लेप लागतो. त्या लेपात श्वेतांबरांच्या मते कटिसूत्राची व कासोट्याची खूण हवी, दिगंबरांच्या मते वीतरागाला वस्त्राची खूण नको. १९०५ साली दोन्ही पक्षांनी एकत्र बसून पूजेचे वेळापत्रक ठरवले. तीन वर्षांत लेपावरूनच तंटा पेटला, १९१० मध्ये अकोल्याच्या न्यायालयात फिर्याद गुदरली, नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरांकडून ती थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात गेली, आणि ९ जुलै १९२९ रोजी निकाल झाला की व्यवस्थेचा हक्क श्वेतांबरांचा, पूजेचा हक्क वेळापत्रकाप्रमाणे दिगंबरांचाही. एवढा सर्वोच्च निकाल होऊनही कज्जा मिटला नाही. १९८१ साली मुख्य मंदिराला कुलूप लागले आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ भाविकांना झरोक्यातून काय दिसेल तेवढ्यावर समाधान मानावे लागले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आणि मार्चमध्ये ते कुलूप उघडले. पण काही दिवसांतच तेथे पुन्हा हातघाई झाली.

दोन्ही पक्षांविषयी मला सारखाच आदर आहे, आणि लेपाच्या शास्त्रार्थात शिरण्याचा माझा अधिकार नाही. परंतु एवढे मात्र मी मनापासून म्हणतो की ह्या तंट्यात नट कोणता आणि चाक कोणते ह्याचा विवेक सुटला. व्यवस्था, वहिवाट, ताबा, लेपाची रेषा हे सारे रक्षणासाठी होते, आणि रक्षण करायचे होते ते दर्शनाचे. पण रक्षणाची साधने शाबूत राहावीत म्हणून दर्शनच बंद केले गेले. ज्याला पाहून निकाचित बंधही गळून पडावा असे आचार्यांनी सांगितले, त्यालाच कुलपाआड ठेवण्याची पाळी त्याच्या दोन्ही भक्तांवर आली, ह्याहून दुःखाची गोष्ट दुसरी कोणती? त्या काळात शिरपुरात वाढलेली मुले पुढे आईबाप झाली, त्यांच्यातल्या कित्येकांनी आपल्याच गावचा देव जवळून कधी पाहिला नाही. त्यांचा हक्क कोणत्याही पक्षाच्या दस्तऐवजात लिहिलेला नाही, पण तो सर्वांत निर्मळ होता.

न्यायालयाने कुलूप काढले ते योग्यच केले. जेथे मालक आपसांत ठरवू शकत नाहीत तेथे तिसऱ्याचा हात लागणारच. परंतु न्यायालयाचा हात दारापर्यंत पोहोचतो, गाभाऱ्यात शेजारी उभ्या राहिलेल्या दोन पूजकांच्या मनापर्यंत पोहोचत नाही. ते काम त्या दोघांचेच, आणि त्यासाठी मोठमोठ्या बैठकांची वा नव्या निवाड्यांची आवश्यकता आहे असे मला वाटत नाही. एकाची पूजा चालू असता दुसऱ्याने ओसरीवर थांबावे, वेळ झाली म्हणजे पहिल्याने आपण होऊन बाजूला व्हावे, एवढ्यानेही आरंभ होईल. १९०५ साली हे शिरपुरात जमले होते, आणि त्या ठरावासाठी कोणाला कचेरीची पायरी चढावी लागली नव्हती.