आधी परीक्षा, मग दान?



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२.

या तीन श्लोकांत भगवंत दानाचे तीन प्रकार सांगतात. द्यायला हवं म्हणून, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य व्यक्तीला आणि परतफेडीची आशा न ठेवता दिलेलं दान सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा मनात कुरकुरत दिलेलं राजस. आणि घेणाऱ्याचा मान न राखता दिलेलं तामस.

हे श्लोक मी कॉलेजपासून वाचतोय. पण आपण कुठल्या खान्यात बसतो, हे मला गेल्या काही महिन्यांत कळलं.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. आमच्या सोसायटीने वह्या-दप्तरं गोळा केली आणि आम्ही चार-पाच जण गाडी भरून बीड जिल्ह्यातल्या एका गावात गेलो. पोरांना रांगेत उभं केलं, हातात दप्तरं दिली, मोबाइल काढला. तेवढ्यात ओट्यावरून एक आजी म्हणाल्या, "लेकरायला उन्हात कशाला उभं केलं बाबा? द्यायचं तर द्या, अन् जाऊ द्या त्यांना."

मी मोबाइल खिशात ठेवला. तामस दान म्हणजे काय, ते आजींनी एका वाक्यात शिकवलं.

मग त्यांच्याजवळ बसलो. वह्या त्या गावात आधीही दोनदा येऊन गेल्या होत्या. खरी अडचण थोरल्या नातवाची होती. तो बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, आणि शिकायला कुठे? आपल्या संभाजीनगरात! सोयाबीन वाहून गेलं, त्यामुळे मेसचे पैसे थांबले. दिवाळीनंतर तो परत येईल की नाही, नक्की नव्हतं.

म्हणजे मी शंभरेक किलोमीटर लांब जाऊन जे शोधत होतो, ते माझ्या घरापासून दहा मिनिटांवर एका खोलीत उपाशी अभ्यास करत होतं. 'योग्य जागा' आणि 'योग्य वेळ' हे शब्द मला त्या दिवशी पहिल्यांदा समजले.

मी त्याच्या मेसचे पैसे भरायला लागलो. (हे त्याला विचारूनच लिहितोय. नाव, गाव लिहिणार नाही.) दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे आपोआप जायचे. मनात म्हटलं, चला, आता आपण सात्त्विक झालो.

फेब्रुवारीत निकाल लागला. दोन विषय राहिले. त्याने स्वतः फोन करून सांगितलं. आणि खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला, "मी पैसे भरतोय आणि हा नापास होतोय?"

तोंडाने मी बोललो नाही. पण विचार आला होता. दुधावर डोळा ठेवून गाय पोसावी, तसं राजस दान, असा दृष्टांत ज्ञानेश्वर माउलींनी इथे दिलाय. मला पैसे परत नको होते, पण त्याचे मार्क हवे होते. ते माझं दूध होतं.

त्या रात्री मला आपलं पैठण आठवलं. आपेगावची चार भावंडं, निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. आई-वडील गेलेले, समाजाने बाहेर ठेवलेलं. शुद्धिपत्र मागायला ती पैठणला आली. परंपरा सांगते की तिथे माउलींनी रेड्याच्या मुखातून वेद वदवले. लहानपणापासून ही गोष्ट मी चमत्कार म्हणून ऐकली. त्या रात्री वेगळाच प्रश्न पडला : पोरक्या मुलांना जवळ घ्यायला त्या विद्वानांना चमत्कार का लागला? चमत्कार झाला नसता, तर ती मुलं अपात्र ठरली असती का?

आणि मी तरी काय वेगळं करत होतो? घर बुडालेल्या पोराने पहिल्याच सेमिस्टरला रेडा बोलून दाखवावा, अशीच माझी अपेक्षा होती.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने १२०० मुलांना पुण्याला आणून त्यांच्या राहण्या-शिकण्याची जबाबदारी घेतली. वाघोलीचं केंद्र त्यातूनच उभं राहिलं. पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने नळदुर्गला 'आपलं घर' सुरू झालं. ज्ञान प्रबोधिनीने हराळीत निवासी शाळा उभी केली. पुण्याची 'सरहद' संस्था काश्मीरमधल्या हिंसाचाराची झळ बसलेल्या मुलांना अशीच शिकवत आलीय.

ही कामं एका आठवड्याची नव्हती. भूकंपाची बातमी जुनी झाली तरी मुलं पाचवीतून सहावीत जातच होती. १२०० मुलांत कुणी गणितात अडकलं असेल, कुणी रात्री दचकून उठत असेल, कुणी चिडकं झालं असेल. त्यांनाही संध्याकाळी ताट वाढलं गेलंच असणार. मार्क बघून कुणी ताट वाढत नाही.

तुम्ही म्हणाल, मग पात्रतेचं काय? श्लोकात 'पात्र' हा शब्द आहेच की! आहे. डोळे झाकून द्या, असं गीता सांगत नाही. गरज खरी आहे का, पैसे शिक्षणावरच जातात का, हे बघायलाच हवं. पण मला वाटतं, शिकायची इच्छा असलेलं मूल आणि बंद पडू पाहणारं शिक्षण, एवढी पात्रता पुरेशी आहे. यश ही पात्रता नाही. ते फळ आहे, आणि फळाबद्दल भगवंतांनी आधीच काय ते सांगून ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन केला. म्हणालो, "विषय निघतील. माझेही इंजिनिअरिंगला एम-थ्रीने दोनदा घाम काढलेत. जेवतोयस ना वेळेवर?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, मला वाटलं आता बंद कराल."

ते वाक्य अजून कानात आहे. म्हणजे परीक्षा चालू आहे, हे त्याला न सांगताही कळलं होतं.

आज एक करूया. आपण कुणासाठी काही करत असू, तर स्वतःला विचारूया : याने मला निराश केलं, तरी मी देत राहीन का?

पांडुरंगा, हात देताना डोळा फळावर जाऊ देऊ नकोस.

राम कृष्ण हरी.